विरळ विणीची घोंगडी

परवा नातीनं शाळेतली चित्रं चिकटवायला चिंचोक्याची खळ शिजवली आणि त्या वासानं मी जळकोटला, आमच्या घोंगडीच्या मागाजवळ जाऊन पोचले; तिथं लोकरीच्या ताण्याला हीच खळ लावायचे.

निजामाचं राज्य होतं. आमच्यात बायका लोकर कातायच्या आणि मागावर पुरुषच बसायचे, तरी मी हट्टानं एक घोंगडी विणली. वडिलांनी ती उजेडात धरली.

"लई विरळ झाली. थंडी आत शिरंल. उसव."

मी रडायला लागले. रझाकारांच्या भीतीनं थोरला भाऊ त्याच दिवशी सोलापूरकडं निघाला होता. त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली.

"असू द्या आबा, मला हीच पाहिजे."

मी हरखले. तो परत आलाच नाही.

आता थंडी पडली की वाटतं, मुकाट्यानं उसवली असती तर आबांनी विणलेली जाड घोंगडी त्याच्या अंगावर गेली असती.