खाऱ्या घामाची पोर

आमच्या गावच्या विहिरीचं पाणी खारं. भातकुलीकडचा तो सारा पट्टाच खारपाणाचा. डाळ शिजता शिजत नाही, भिंतींना मिठाचा पांढरा लोणा फुटतो, आणि पाहुणा पहिला घोट घेतो अन् तोंड वाकडं करतो. त्यामुळं माझ्या लेकीच्या कपाळाचा मुका घेतला की ओठ खारट होतात, याचं मला काही नवल वाटलं नाही. खारपाणातली पोर खारट नाही तर काय बत्ताशासारखी लागणार होती?

आम्ही धम्म घेतला त्याच्या दुसऱ्या वर्षी ती झाली. खायला मागंपुढं पाहायची नाही, पण अंगाला काही लागेल तर शपथ. हातपाय काड्या आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं. शौचाला तेलकट व्हायचं, आणि वास असा की मी आई असून नाकाला पदर लावायची. खोकला तर जन्मापासूनचा. मिठाचं मात्र भारी वेड तिला. भिंतीचा लोणा नखानं खरवडायची अन् चाटायची. मी डोळे वटारले की खुदकन हसायची.

मालक शाळेत मास्तर होते. अंगारे-दोरे आम्ही सोडले, आता प्रत्येक गोष्टीचं कारण शोधायचं, असं ते सगळ्यांना सांगायचे. लेकीच्या दुखण्याचंही कारण त्यांनी शोधलं.

"खारं पाणी देल्लं का काळ्या जमिनीचं काय होते, पाह्यलं ना तू?" ते मला म्हणाले. "वर पांढरं येते अन् पीक खुरटते. पोरीचंबी तसंच होऊन राह्यलं. तिच्या अंगात मीठ भरलं."

मला ते पटलं. कोणाला पटलं नसतं? तिच्या झबल्यावर घाम वाळला की पांढरे डाग पडायचे, ते मी रोज धूत होते. अमरावतीच्या डॉक्टरांनीही मान डोलावली. म्हणाले, थोडे दिवस मीठ बंद करून पाहा. सुट्ट्या लागल्या तशी आम्ही लेकीला घेऊन अमरावतीला माझ्या भावाकडं राहायला गेलो. तिथं नळाला गोड पाणी. भाजी अळणी, वरण अळणी. लोणच्याची बरणी वर फळीवर. पोर ताट ढकलायची आणि रडायची, मालक तिला मांडीवर घेऊन समजावत बसायचे.

वैशाखातलं अमरावतीचं ऊन, सांगायची गरज नाही. पोर घामानं निथळायची. हळूहळू रडणंही बंद झालं. मग उलट्या सुरू झाल्या, डोळे खोल गेले, आणि एका दुपारी तिनं मान टाकली. मालक तिला खांद्यावर घेऊन मोठ्या दवाखान्यात अक्षरशः पळत गेले, मी मागं अनवाणी.

डॉक्टरांनी तिला बाटली लावली. मी विचारलं, यात काय आहे. "मिठाचं पाणी," ते म्हणाले.

माझं टाळकंच सरकलं. "अवो, मिठानंच तिचं असं झालं, अन् तुमी तिले अजून मीठच देऊन राह्यले?"

"बाई, बाजूला व्हा," एवढंच ते बोलले. मालकांनी मला भिंतीकडं ओढलं. दिवेलागणीला पोरीनं डोळे उघडले आणि भाकर मागितली. आनंद होताच, पण डोक्यात नुसता गोंधळ. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं होतं, आम्हीही तेच धरून चाललो. मीठ पुन्हा सुरू केलं ते काही समजून नाही, तिचे हाल बघवेनात म्हणून.

पुढं मालकांची बदली अकोल्याकडं झाली. तोवर लेक शाळेत जायला लागली होती, पण महिन्यातले निम्मे दिवस घरीच, खोकत. अकोल्यात परदेशातून शिकून आलेले मुलांचे एक डॉक्टर होते, त्यांना दाखवलं. त्यांनी तिची बोटं पाहिली. टोकांना जाड झालेली. मग विचारलं, "हिचा घाम खारट लागतो का?" इतक्या वर्षांत आम्हाला हे कोणी विचारलं नव्हतं.

त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, सिस्टिक फायब्रोसिस. पक्की तपासणी इथं होत नाही, पण खात्री वाटते, म्हणाले. या मुलांच्या अंगात जे पातळ असायला हवं ते घट्ट होतं. छातीतला कफ डिंकासारखा चिकटतो, त्यात रोग धरतो. अन्न पचवणारा रस वाटेतच अडतो, म्हणून तेल-तूप तसंच बाहेर पडतं. आणि घामातून मीठ वाहून जातं.

"म्हणजे तिच्या अंगात मीठ जास्त नोयतं?" मालकांनी विचारलं.

"कमी होतं, मास्तर. हे दुखणं पाण्यातून आलेलं नाही. तुमच्या दोघांच्या रक्तातून आलंय."

मी औषध विचारलं. ते म्हणाले, कफ पिकला की सुया देऊ, मीठ भरपूर खाऊ द्या, आणि रोज पालथं निजवून पाठीवर थापट्या मारा, कफ सुटेल. एवढंच. आजार समजला, कारण समजलं, आणि माझ्या हातात काय आलं, तर थापट्या.

मी मारल्या. रोज, सकाळ-संध्याकाळ, हाताची ओंजळ करून. थंडीचे दिवस होते, छाती फारच भरली होती. एका सकाळी अंगणात उन्हाला सतरंजी टाकून मी तिला मांडीवर पालथं घेतलं. घरघर गल्लीत ऐकू जात होती.

"माय, राहू दे आता," ती म्हणाली. "तुहा हात दुखत असन."

"नाई दुखत वं," मी म्हटलं आणि मारतच राहिले. थोड्या वेळानं घरघर थांबली, खोकला नाही, तिची मान माझ्या मांडीवरून सैल लोंबली. मला इतकं बरं वाटलं. मी आत हाक मारली, "अवो, या लवकर, कफ सुटला तिचा."