सूरजच्या गाडीचा आवाज निश्चित करणेबाबत

विषय : चि. सूरज याच्या मोटारीस नवीन एक्झॉस्ट बसविणेबाबत.

संदर्भ : १) थोरल्या बंधूंनी व्हरांड्यातून दिलेला तोंडी आदेश. २) गल्लीतील दोन तक्रारी. ३) मल्लूअण्णा वेल्डर यांनी न मागता दिलेला सल्ला.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, किस्से हे सरकारी टपालासारखे असतात. एकेक येतो तेव्हा वाटतं, बघू नंतर. नंतर बघायला जावं तर गठ्ठा झालेला असतो. एका कचेरीत आवक-जावक विभागात मी तेहतीस वर्षं काढली. तिथे मला कशाचाही धक्का बसला नाही. निवृत्त झालो, पुतण्यानं गाडी घेतली, आणि शिल्लक राहिलेले सगळे धक्के गणपती ते दिवाळी एवढ्या काळात बसले!

पुतण्या म्हणजे सूरज. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिनिअर आहे. सहा वर्षं चहासुद्धा कंपनीचाच पिऊन त्यानं ही सेकंडहँड गाडी घेतली. दिसायला चपटी, उतरायला अवघड, आणि ताकद म्हणे तीनशे घोड्यांची. आमच्या गल्लीत दोन स्कूटी समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागतं.

आधीच्या मालकानं मागचा पाइप कुठंतरी आपटून फोडला होता. पहिल्याच दिवशी गाडी गल्लीत शिरली आणि समोरच्या दातांच्या डॉक्टरांचा पेशंट दचकला. दचकून त्यानं तोंड मिटलं. आत डॉक्टरांचं बोट होतं.

ती पहिली तक्रार. दुसरी शिकवणीच्या बाईंची. त्यांचं म्हणणं, गाडी आली की मुलं पाढे विसरतात. गाडी नव्हती तेव्हा ती पाढे म्हणत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

थोरल्या बंधूंना सगळी गल्ली दादा म्हणते. त्यांचा मुलगा सूरजही दादाच म्हणतो. चाळीस वर्षं गुळाची अडत केलेला माणूस. ढेपेवर बोटानं टकटक करायची आणि निकाल द्यायचा. त्यांनी तसाच निकाल दिला, "तिसरी तक्रार आली की गाडी इकायची. अपील न्हाय!"

सूरजचा चेहरा उतरला. मग दादा माझ्याकडं वळले. "बाळ्या, तू जन्मभर लोकांचे कागद बघितलास. आता ह्याचा पाइप बघ."

*

मल्लूअण्णांची शेड उद्यमनगरात आहे. मूळचे ते निपाणीकडचे. मराठीत बोलतात, कानडीत चिडतात.

मी त्यांना पहिलाच प्रश्न विचारला, "अण्णा, या नळकांड्याला सायलेन्सर म्हणतात. म्हणजे आवाज गप्प करणारा. मग तो काढून आवाज करणारा का बसवायचा?"

अण्णांनी वेल्डिंगची काच वर केली आणि माझ्याकडं दयेनं बघितलं. समजावलं मात्र सूरजनं. "काका, इंजिन हवा आत घेतं, जाळतं, बाहेर टाकतं. बाहेरची वाट मोकळी झाली की आतली हवा जोरात येते."

मला एकदम पटलं. आमच्या विभागात नेमकं हेच होत असे. जावक तुंबली की आवक टेबलाखाली ठेवावी लागे. फरक इतकाच, की जावक मोकळी झाली म्हणून आमच्याकडं कुणी गर्जना करत नसे.

अण्णांनी सूरजला एकच प्रश्न विचारला, "लगीन झालंय काय री?"

"अजून नाही."

"मग सरळ पाइप बसीव. जाळ अन् धूर संगटच! लगीन झाल्यावर ये, वॉल्व्हवाला देतो."

"वॉल्व्हवाला म्हणजे?" मी विचारलं.

"बटन दाबलं की पाइपातलं झाकण मिटतंय. गल्लीत गप्प, हायवेला बोलायचं." अण्णांनी काच खाली केली. "संसार आनि कसा करत्यात?"

*

पाइप निवडायला सूरजनं फोनवर आवाज ऐकवायला सुरुवात केली. डोळे मिटून, मान डोलवत. हा अडीच इंची, हा तीन इंची, हा टायटॅनियमचा. "काका, याचा खालचा सूर ऐका!" मी गाण्याच्या बैठकींना गेलेला माणूस. कान देऊन ऐकलं. तिन्हींत मला एकच राग ऐकू आला, आणि तो शेजाऱ्याचा होता.

टायटॅनियमची किंमत त्यानं सांगितली तेव्हा मी उभा होतो. नंतर बसलो.

दादा आतून ओरडले, "आरं, कुणाचं पोट बिघडलंय? डॉक्टरकडं न्या की!"

*

सरळ पाइप एकदा बसवून बघायचाच, असा सूरजचा हट्ट. बसवला. गाडी सुरू केली आणि शेडचे पत्रे थरथरले. शेजारच्या लेथवरचा माणूस मशीन बंद करून पळत आला. "कॉम्प्रेसर फुटला काय?"

"न्हाय," अण्णा अभिमानानं म्हणाले, "पाइप बशिवला."

गाडीत पिवळा दिवा लागला. धूर गाळायचा डबा मधून काढल्यामुळं तो लागतो, असं सूरज म्हणाला. अण्णांनी दिव्याकडं बघितलं आणि सांगितलं, "त्यावर पट्टी चिकटीव."

तेवढ्यात लाइट गेली. वेल्डिंग बंद. जुना पाइप परत बसवता येईना. या आवाजात गल्लीत शिरणं म्हणजे तिसरी तक्रार हातानं नेऊन देणं! शेवटी गाडी कोपऱ्यापर्यंत आणली, बंद केली आणि तिथून घरापर्यंत ढकलली. तीनशे घोडे आत बसलेले, आणि बाहेर एक इंजिनिअर व एक पेन्शनर घामाघूम.

दादा व्हरांड्यात होते. "काय रं, बंद पडली?"

सूरज धापा टाकत म्हणाला, "न्हाय दादा. आवाज कमी केलाय."

दादांनी कान देऊन ऐकलं. समाधानानं मान हलवली. "हां! आता झ्याक चालत्या बघ."

*

सरळ पाइप निघाला. दुसरा मागवला, मधोमध एक डबा असलेला. गल्लीत बऱ्यापैकी शांत. सूरज खूश. त्याच आठवड्यात आजऱ्याला पाहुण्यांकडं कार्य होतं. दादा, वहिनी, मी आणि सूरज, चौघं त्याच गाडीतून निघालो.

कागल सोडलं आणि गाडीनं एक ठरावीक वेग धरला. त्या वेगाला आत असा काही घुमारा भरला, की दादांचे ओठ हलताना दिसत होते पण शब्द पोचत नव्हते. वेग वाढवला की थांबे, कमी केला की थांबे. रस्ता मात्र नेमका त्याच वेगाचा. आजऱ्यात उतरलो तेव्हा माझ्या डोक्यात मधमाश्यांचं पोळं होतं. पाहुण्यांनी काजूची बशी पुढं केली, तर मी त्यांना सांगितलं, "नाही, रिटायर झालो."

सूरज ओशाळला. "आई, सॉरी हं. हा पाइप उद्याच काढतो."

वहिनींचा चेहरा मात्र कधी नव्हे इतका प्रसन्न होता. "काढू नगंस," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदाच सलग दोन तास ह्यांचं काय ऐकू आलं न्हाय."

*

पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर चौकात ओळीनं मांडले होते आणि वरून रोडरोलर फिरणार होता. बघायला हीऽ गर्दी! सूरज मला घेऊन गेला. मल्लूअण्णाही तिथे हजर. मला वाटलं, माणूस धंद्याच्या काळजीनं आला असेल, किंवा पश्चात्तापानं.

रोलर आला. कडाकड आवाज झाले. सूरजनं डोळे मिटले. अण्णा टाचा उंचावून बघत होते.

रोलर पुढं गेल्यावर त्यांनी माझा दंड धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "साहेब, तिसरा बघा! तिसरा माझा हाय. नळी पार चपाती झाली, पण वेल्ड सुटला काय? न्हाय सुटला!"

सूरजनं मात्र तिथल्या तिथं ठरवलं, वॉल्व्हवाला.

*

इथे उचगावचा दत्तू गवळी आणि त्याची चिमणी यांची ओळख करून देणं भाग आहे. चिमणी ही म्हैस. शेडच्या दारातून आत आली तर चौकट गळ्यात घालून येईल एवढी.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशींची मिरवणूक निघते. शिंगं रंगवायची, अंगावर नक्षी काढायची, आणि पुढं सायलेन्सर मोकळा केलेली मोटारसायकल पळवायची. मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून म्हैस मागं पळते. जिची चूक होत नाही, तिच्या मालकाची कॉलर वर्षभर ताठ. दत्तूची गेली तीन वर्षं ताठ होती.

वॉल्व्हवाला पाइप अण्णांनी स्वतः बनवायला घेतला, त्याच दिवशी दत्तू आपली मोटारसायकल घेऊन शेडमध्ये आला. पाइप गंजला होता.

"अण्णा, काय बी कर, पर आवाज बदलू नगंस. चिमणी त्या आवाजाला वळखत्या. मला न्हाय वळखत."

"हात माझा हाय मर्दा," अण्णा म्हणाले, "आवाज कसा बदलंल?"

दोन्ही पाइप शेजारी शेजारी ठेवून अण्णा दिवसभर दोन्हींत एकाच गठ्ठ्यातली जाळी भरत होते. मी बघत होतो. आता चौकशीत मला हे सांगावं लागेल, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

*

वॉल्व्हवाला बसला. दादांनी फाटकात परीक्षा ठेवली. मी फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेतलं होतं. सूरजनं बटन दाबून झाकण मिटलं आणि गाडी सुरू केली. काटा जेमतेम हलला.

"काय म्हंतंय मशीन?" दादांनी विचारलं.

काटा टोकाला गेला.

मी नोंद केली : मोटार मर्यादेत. दादा मर्यादेबाहेर. दादांना वॉल्व्ह बसवता येईल का, अशी विचारणा केली असता, त्या मापाचा येत नाही असं मल्लूअण्णांनी कळवलं.

तीन आठवडे गल्ली शांत होती. दातांचे डॉक्टर सूरजला हात करू लागले. सूरजनं गाडीला पहिल्यांदाच पॉलिश केलं. मी प्रकरण निकाली काढून फाइल बांधायला घेतली होती.

*

गेला रविवार. सकाळचे अकरा. दादा आणि मी व्हरांड्यात चहा घेत होतो.

सूरज उचगावकडून आला. झाकण मिटलेलं, आवाज नाही. हसत उतरला. "दादा, ऐकू आली काय गाडी?"

"न्हाय."

"बघा! उचगावच्या मोकळ्या रस्त्यावर फक्त एकदाच उघडला वॉल्व्ह. एकदाच! काय बोलली गाडी म्हणून सांगू—"

दादा त्याच्याकडं बघत नव्हते. ते त्याच्या मागं बघत होते.

गल्लीच्या तोंडातून चिमणी येत होती. तोंडाला फेस, गळ्यात तुटलेलं दावं. ती सरळ गाडीपाशी आली, मागच्या पाइपाला नाक लावलं आणि उभी राहिली.

तिच्या मागोमाग दत्तू. मोटारसायकलचा सायलेन्सर मोकळा, गल्ली दणाणून गेलेली. तो चिमणीच्या मागं गेला, पुढं येऊन गाडी घुमवली, हाका मारल्या. "चिमणेऽ! ए बाई! हिकडं बघ की!" चिमणीनं कानसुद्धा हलवला नाही.

दत्तूनं गाडी बंद केली. एवढी शांतता आमच्या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती. डॉक्टर दारात, शिकवणीच्या बाई खिडकीत. दत्तू उतरला. तीन वर्षं ताठ असलेली कॉलर घामानं मानेला चिकटली होती.

"दावं तोडून आली, दादा," तो म्हणाला. "दोन किलोमीटर. माझ्याकडं वळून बघितलं न्हाय. पाडवा आठ दिसांवर आलाय."

दादा उभे राहिले. "दत्तू, तक्रार हाय काय?"

सूरजनं गाडीच्या टपावर हात ठेवला. निरोपाला ठेवतात तसा.

दत्तूनं म्हशीकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. "तक्रार करून काय करू? गाडी इकल्यासा तर चिमणी कुणाच्या मागं पळंल?"

"मग?"

"अर्ज हाय."

अर्ज मीच लिहून दिला. पाडव्याच्या मिरवणुकीत म्हशीपुढे चालविणेकरिता सदर मोटार, चालकासह व वॉल्व्ह उघडा ठेवून, मिळणेबाबत. दत्तूनं सही केली. चिमणीला न्यायला सूरजला गाडी उचगावपर्यंत पुढं चालवावी लागली. ती मागून शहाण्यासारखी गेली.

दादांनी अर्ज दोनदा वाचला. "बाळ्या, गाडी दिली तर मिरवणूक ह्याच गल्लीतनं जाणार. आवाज हुणार. तिसरी तक्रार येणार."

"येणार."

"आन् न्हाय दिली तर दत्तूच तक्रार करणार."

"करणार."

"कुणीकडनं बी गाडी इकायचीच?"

"आदेश तसा आहे."

"आदेश कुणाचा?"

"तुमचाच."

"अपील?"

"न्हाय."

दादांनी अर्जावर बोटानं टकटक केलं. गुळाच्या ढेपेवर करतात तसं. ऐकलं. पुन्हा केलं. मग तो घडी घालून पानाच्या डब्याखाली ठेवला.

आज पाडव्याला चार दिवस राहिले आहेत. सूरजनं गाडी धुतलेली आहे. दत्तूनं चिमणीची शिंगं रंगवलेली आहेत. अर्ज डब्याखाली आहे, त्यावर शेरा नाही. प्रकरण प्रलंबित आहे.