सोनगीरच्या उतारावरचं आमेन

आमची गाडी सोनगीरच्या एका भांड्यांच्या दुकानात पाठमोरी शिरली, तेव्हा गाडीत चार माणसं होती आणि त्यांतल्या तिघांचे डोळे मिटलेले होते. चौथी मी. गाडी उतारावरून मागे मागे चालली आहे हे मी चांगलं अर्धं मिनिट पाहत होते आणि मी कुणालाही काही सांगितलं नाही.

हे वाचून तुमचं माझ्याबद्दल जे मत झालं असेल, ते बरोबर आहे. तरी माझी बाजू ऐकून घ्या.

आम्ही जळगावला पिंप्राळ्यात राहतो. पप्पा बँकेत, मम्मी नर्स, आणि मी घरी बसून लॅपटॉपवर नोकरी करते (म्हणजे माणसांशी बोलावं लागत नाही). आमच्या घरात प्रार्थनेचा एकच नियम आहे. डोळे मिटले की आमेनपर्यंत उघडायचे नाहीत आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. गॅसवर दूध उतू जातं, आम्ही त्याचा आवाज ऐकतो, करपल्याचा वास घेतो आणि जागचे हलत नाही. एकदा संध्याकाळच्या प्रार्थनेत मांजर तळलेल्या बोंबलांच्या ताटलीवर बसलं. आम्हा सगळ्यांना कुरुमकुरुम ऐकू येत होतं. आमेन झाल्यावर मम्मीने शांतपणे विचारलं, "किती गेले?" पप्पा म्हणाले, "आवाजावरून पाच."

मी मात्र लहानपणापासून प्रार्थनेत डोळे किलकिले ठेवते. भक्ती कमी म्हणून नाही, भीती जास्त म्हणून. सगळ्यांनी एकदम डोळे मिटले की मला वाटतं, आता काहीतरी होणार. (आजवर काही झालं नव्हतं. पण ते मी लक्ष ठेवून होते म्हणून, अशी माझी समजूत होती.)

मला कुत्र्यांची भीती वाटते, लिफ्टची वाटते, अनोळखी नंबरची वाटते. सगळ्यांत जास्त भीती मोठ्याने प्रार्थना करायची. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला चार छापील प्रार्थना घडाघडा येतात. पण आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) प्रार्थना मनातून करतात, मराठीत करतात आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी करतात. माझी घशापर्यंत येते आणि तिथेच मुक्काम करते.

याच्या अगदी उलट माझी मंदाआत्या. पप्पांची मोठी बहीण, धुळ्याला असते, शाळेतून निवृत्त झाली पण वर्ग अजून सोडलेला नाही. पिंपळनेरला मंडळीच्या बायकांचा मेळावा होता. आत्याने तिथे माझं नाव साक्ष देणाऱ्यांत, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सर्वांसमोर सांगणाऱ्यांत, घालून टाकलं आणि मग मला फोन केला.

"रीना, विषय सोपा आहे. देवावरचा भरवसा."

"आत्या, पण साक्ष म्हणजे आयुष्यात काहीतरी घडावं लागतं. माझ्या आयुष्यात काहीच घडलेलं नाही."

"काहीच नाही?"

"बारावीत कावीळ झाली होती."

"मग? बरी झालीस ना?"

"औषधाने झाले."

"औषध कुणी दिलं?"

"डॉक्टरांनी."

"डॉक्टर कुणी दिला?"

"मम्मीच्या हॉस्पिटलने."

 मग आत्या म्हणाली, "रीना, साक्षीत हे असं बोलू नकोस हं."

आठ दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं. दोनशे बायकांसमोर उभं राहण्याची भीती होतीच, पण खरी भीती वेगळी होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. घाबरल्यावर मला देव आठवत नाही. मला फक्त पुढे काय काय वाईट होईल ते आठवतं, क्रमवार. आणि मी माइकवर जाऊन म्हणणार होते की माझा देवावर पूर्ण भरवसा आहे. म्हणजे खोटं बोलणार होते. तेही मंडळीत. तेही त्याच्यासमोर.

त्या शनिवारी सकाळी आम्ही निघालो. धुळ्याला आत्याला घेतलं. ती गाडीत बसता बसता म्हणाली, "आधी सोनगीर."

पप्पा म्हणाले, "अगं अक्का, पिंपळनेर साक्रीच्या रस्त्याला. सोनगीर पार दुसरीकडे."

"मला भूगोल शिकवू नकोस. मेळाव्याच्या स्वयंपाकाला पातेलं सांगून ठेवलंय तिथे. दोनशे बायका काय हातावर भात घेणार?"

तर आम्ही सोनगीरला गेलो. दुकान गावातल्या एका चढाच्या पायथ्याशी होतं. बाहेर तांब्या-पितळेच्या हंड्यांची, कळशांची, घागरींची चळत माणसाच्या उंचीइतकी. चळतीच्या पुढ्यात, उन्हात, प्लास्टिकच्या खुर्चीवर दुकानदाराचे म्हातारे वडील बसले होते. त्यांना सगळे नाना म्हणत होते, आणि प्रत्येक जण तीन वेळा म्हणत होता, कारण पहिल्या दोन वेळा त्यांना ऐकू येत नव्हतं.

पप्पांनी गाडी दुकानापासून थोडी वर, चढावर लावली होती. पातेलं डिकीत मावेना म्हणून टपावर बांधलं. सगळे आत बसलो. पप्पांनी ब्रेकवर पाय ठेवला, गाडी गिअरमधून काढली, किल्लीला हात घातला, आणि आत्या म्हणाली, "थांब. प्रार्थना करून निघू."

आमच्या गाडीचा हँडब्रेक नावापुरता आहे. हे पप्पांना माहीत आहे, मम्मीला माहीत आहे. पण प्रार्थना म्हटल्यावर पप्पांनी किल्ली सोडली, हात जोडले, डोळे मिटले. गाडी आता फक्त ब्रेकवरच्या पायावर उभी होती.

आत्याने सुरुवात धुळ्यापासून केली. मग साक्री, मग पिंपळनेर, वाटेतले घाट, वाटेतले ट्रक, ट्रकांचे ड्रायव्हर, ड्रायव्हरांची कुटुंबं. आत्याची प्रार्थना म्हणजे जनगणना असते, कुणी सुटत नाही. दरम्यान पप्पांचा चेहरा शांत होत गेला, खांदे शांत झाले, आणि (हे मी पुढच्या दोन सीटांच्या फटीतून पाहिलं) त्यांचा उजवा पायही शांत झाला.

शेजारची भिंत पुढे सरकली.

मला आधी वाटलं, मला चक्कर येतेय. मग भिंतीवरची टायरची जाहिरात पूर्ण पुढे गेली आणि तिच्या मागची बकरी आली. भिंती चालत नाहीत. मी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. सरळ रेषेत, आमच्याकडे पाठ करून, नाना बसले होते.

 मला आत्ताच, या क्षणी, बोलायला हवं होतं. शब्द अवघड नव्हता. 'पप्पा' पुरला असता. 'ब्रेक' पुरला असता. पण चोवीस वर्षांत आमच्या घरात प्रार्थनेच्या मध्ये कुणी बोललेलं नव्हतं, आणि पुढच्या सीटवर बसून आत्या देवाशी बोलत होती. मधेच तोडायचं कसं? आणि मग मला वाटलं की मला मार्ग सुचला. प्रार्थना तोडायची नाही, संपवायची!

"आमेन," मी म्हणाले.

आता आमच्याकडची रीत अशी की मध्येच कुणी आमेन म्हणालं, तर त्याचा अर्थ 'संपवा' असा होत नाही. त्याचा अर्थ 'वा, अगदी मनातलं बोललात, चालू द्या' असा होतो. मला हे माहीत होतं. पण भीतीत माणसाला माहीत असलेलं सगळं विसरायला होतं.

आत्याचा आवाज चढला. "होय प्रभू, तू आमच्या पुढे चाल."

आम्ही मागे चाललो होतो. "आमेन," मी जरा मोठ्याने म्हणाले.

"तू आमच्या मागे राहा!"

मागे नाना होते. "आमेन! आमेन!"

मम्मीने मिटल्या डोळ्यांनी माझा हात धरला आणि दाबला. तिच्या पापण्यांखालून पाणी येत होतं. तिची मुकी मुलगी इतक्या आवेशाने पहिल्यांदाच आमेन म्हणत होती. पप्पा पुटपुटले, "स्तुती असो." मी पुढची पाच आमेन एका दमात म्हटली. त्यांत प्रार्थनेचा सूर राहिला नव्हता, तो मदतीचा धावा होता, पण आत्याला फरक कळला नाही. ती शाळेतल्या बाईंच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "प्रभू, आज या मुलीला तुझा आवाज ऐकू दे!"

त्याच वेळी नाना खुर्चीवरून उठले, कोपऱ्यातल्या गटाराशी गेले आणि तोंडातली तंबाखू थुंकायला वाकले.

मग जो आवाज झाला, तो सोनगीरच्या किल्ल्यापर्यंत गेला असावा. आधी खुर्ची, मग हंडे, मग कळशा, मग टपावरचं पातेलं दोरी तोडून खाली, आणि सगळ्यांत शेवटी एक घागर, जिला कसलीच घाई नव्हती, ती चढाच्या बाजूला गेली, थबकली आणि परत आली.

आत्याने डोळे न उघडता प्रार्थना पूर्ण केली. "आमेन."

मग आम्ही सगळ्यांनी डोळे उघडले. मीही उघडल्यासारखं केलं.

दुकानदार धावत आला. "भाऊ, झोपी गयात का काय?"

"नाही हो," पप्पा म्हणाले.  "प्रार्थना करत होतो."

"बठ्ठा जन?"

"सगळे."

"मंग गाडी कोन धरी ऱ्हायनं व्हतं?"

पप्पांनी हँडब्रेककडे पाहिलं. आत्या खाली उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "परमेश्वर."

दुकानदाराने चेपलेल्या हंड्याकडे पाहिलं. "मंग भांडाबी धराले पायजे व्हतात त्यानी."

खुर्चीचे चार तुकडे झाले होते. नाना मात्र धडधाकट उभे होते आणि काय पडलं असं विचारत होते.  आत्याने तोच धागा पकडला. "बघा, बरोबर त्या क्षणी नानांना कुणी उठवलं?"

"तंबाखू थुंकाले उठना तो," दुकानदार म्हणाला.

आत्याने आयुष्यभर शाळेत तंबाखूविरुद्ध भाषणं केली आहेत. ती पडलेल्या कळशा उचलायला लागली.

चेपलेली भांडी पप्पांनी विकत घेतली, माफी मागितली, नानांना नवी खुर्ची आणून दिली. यात तास गेला. मग पिंपळनेरची वाट धरली. साक्री आल्यावर आत्या मागे वळली. तिचे डोळे पाणावलेले होते. "रीना, मिळाली ना साक्ष? आणि तुझी ती आमेन! एवढ्या विश्वासाने म्हटलेली आमेन मी इतक्या वर्षांत ऐकली नाही गं."

मी खिडकीबाहेर पाहिलं. मला नानांची खुर्ची दिसत होती.

मेळाव्यात आत्याने माझी ओळख करून दिली, "विश्वासू मुलगी" अशी. मी माइकच्या दांड्याला धरून उभी राहिले.  मी पाठ केलेलं भाषण होतं. त्यातलं पहिलं वाक्य होतं, 'माझा देवावर पूर्ण भरवसा आहे.' मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "माझे डोळे उघडे होते."

मग सगळंच सांगितलं. पाय, भिंत, बकरी, नाना. की मी घाबरले होते. की मला देव आठवला नाही, प्रार्थनेत बोललं तर आत्या काय म्हणेल एवढंच आठवलं. की माझी आमेन विश्वासाची नव्हती, ब्रेकची होती. की एक माणूस माझ्या लाजेपायी मरता मरता वाचला.

 मम्मीने तोंडावर पदर घेतला होता. आत्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मग कुठूनतरी एक फिसकन आवाज आला, आणि पुढच्या क्षणी दोनशे बायका हसत होत्या. आत्या सगळ्यांत शेवटी हसायला लागली, पण लागली ती थांबेना. मला रडू आलं. कुणी तरी पाणी दिलं.

जेवताना एक म्हातारी माझ्यासमोर येऊन बसली. तिने पत्रावळीवरचा भात कालवत मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोरी, गाडी मांगे जाई ऱ्हायनी व्हती, अन् तू आमेन म्हनी ऱ्हायनी व्हती?"

"हो आजी."

"तुनी आत्यानी सांभाळ म्हनीसन देवले मांगं ना?"

"हो, मागितलं होतं. सगळ्यांना सांभाळ, असं."

"अन् गाडीमा डोया फक्त तुनाच उघडा व्हतात?"

"हो."

"मंग देवनी तुले तठे कसाले बसाडं व्हतं?"

देवाने मला तिथे कशाला बसवलं होतं, एवढं विचारून ती वरण मागायला उठून गेली. माझा घास हातातच राहिला. म्हणजे आत्याची प्रार्थना सुरू असतानाच ऐकली गेली होती आणि माणूसही नेमलं गेलं होतं. डोळे उघडे, तोंड धड, जागा मोक्याची, काम एका शब्दाचं. पण ते माणूस ऐन वेळी लाजलं, आणि मग देवाला घाईघाईत तंबाखूकडून काम करून घ्यावं लागलं.