डोहाळ्याची माती

नात नवऱ्याला आणि पोरांना घेऊन पाच दिवस मोटारीतून हिंडून आली. पुण्याहून भोर, भोरवरून घाट उतरून पार समुद्रापर्यंत, आणि परतताना दोन दिवस भाटघर धरणाच्या पाण्यातल्या एका बेटावर तंबू ठोकून मुक्काम. काल दुपारी सगळे माझ्याकडे उत्रोलीला आले, जेवले आणि आडवे झाले. बूट तेवढे पायरीवर राहिले, आणि त्यांच्या शेजारी मी. ऊन बुटांवर आलं, तळव्यांचा गाळ वाळायला लागला आणि त्याचा वास सुटला. हा वास कुणाला आवडण्यासारखा नाही. बरेच महिने पाण्याखाली राहून वर आलेल्या मातीला थोडा माशांचा, थोडा कुजल्या पानांचा, थोडा बंद पेटीचा वास येतो. पासष्ट-सत्तर वर्षांनी तो नाकात गेला आणि मी लगेच ओळखला. जेवताना नातीनं विचारलं होतं, "आजी, तू कधी गेलीस का गं बेटावर?" मी म्हटलं, "गेलेय. आईला डोहाळे लागले म्हणून." ती हसली. म्हातारी चेष्टा करते असं वाटलं असेल. मी चेष्टा करत नाही, मला ती जमत नाही.

आमचं घर वेल्ह्याच्या अंगाला, तोरण्याच्या सावलीत. आईचं माहेर डोंगरापलीकडे, वेळवंडी नदीच्या काठाला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. आईचं झालं नाही. मी पोटात होते त्याच पावसाळ्यात धरणाचं पाणी चढलं आणि माहेर त्याच्या खाली गेलं. माणसं जागा मिळेल तिकडे पांगली. तिची आई त्या वर्षी तापानं गेली, वडील आधीच गेले होते, एकुलता भाऊ मुंबईला गिरणीत गेला तो पुन्हा दिसला नाही. घराण्याची एक टेकडी तेवढी पाण्याच्या वर राहिली. तिच्यावर तीन आंबे आणि शेंदूर फासलेला एक दगडाचा देव. पंचमीला गावातल्या साऱ्या सुना माहेरी जायच्या, विहिरीवर आईच्या एकटीच्या घागरीचा आवाज यायचा. तिनं एकदा विषय काढला तेव्हा आजी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, म्हणाली, "कुणाकडं जातीस? माशांकडं?" आजी दुष्ट नव्हती. जे दिसायचं ते बोलायची. मी तिच्यावर गेले आहे.

माझ्यामागून आईला दोन मुलं झाली आणि दोन्ही गेली. मी आठ वर्षांची असताना तिला पुन्हा दिवस राहिले. पाचव्या महिन्यात, मार्गशीर्षात, एक दिवस भाकरी थापता थापता आई म्हणाली, "आत्या, मला माती खावीशी वाटती." आजी म्हणाली, "मग खा की. चुलीम्होरं काय कमी हाय?" आई म्हणाली, "ही न्हाई. आमच्या टेकडीवरली. आंब्याखालची." दोन मुलं गेलेली, तिसऱ्या वेळचा डोहाळा नाकारायची छाती कुणाची होती? आजीनं वडिलांना हाक मारली. "गाडी जुप. ही काय म्हणती बघ."

डोंगर ओलांडून पायी गेलं तर दिवसाची वाट. पण पोटुशी बाईला खिंड चढवायची नाही, म्हणून बैलगाडीनं नसरापुरावरून वळसा घालायचा ठरला. दोन दिवस गेले त्यात. सहल हा शब्द आमच्या घरात कुणाला माहीत नव्हता, पण वडिलांना जे झालं होतं ते तेच असावं. ते शेतापलीकडे कधी रमलेले मी पाहिले नव्हते. गुंजवणी नदीच्या उतारात चाक रुतलं तर कमरेइतक्या पाण्यात उतरून तेच बैलांपेक्षा जास्त ओरडत होते. नसरापूरच्या बाजारात त्यांनी मला शेव घेऊन दिली. वाटेत चिंचेखाली तीन दगड मांडून त्यांनी स्वतः पिठलं केलं, ते करपलं, आणि आईला म्हणाले, "तुज्यापेक्षा बरं झालंय, खरं सांग." आई म्हणाली, "आवं, काळं कुठलं न् पिवळं कुठलं ते तरी दावा." मी हसले. आई हसली नाही. ती गाडीच्या साटीत मागं तोंड करून बसली होती आणि मागं जाणारा रस्ता बघत होती.

धरणाच्या काठाला आईच्या गावचा एक म्हातारा झोपडी बांधून राहिला होता, त्याची होडी होती. त्यानं आईला बघितलं, ओळखलं, आणि एवढंच म्हणाला, "आलीस व्हय, पोरी?" आई म्हणाली, "आले, काका." मला वाटतं, एवढंच तिचं माहेरपण झालं. बैल त्याच्याकडे बांधून आम्ही टेकडीवर गेलो. दोन दिवस राहिलो. वडिलांनी पटक्याचा पदर धरून मासे पकडले, सशामागं पळाले, मला आंब्याच्या फांदीवर बसवलं. बेटावर दुसरं कुणी माणूस नाही, चारी बाजूंना पाणी, आणि पाण्यापलीकडे डोंगर असे लांब उभे की जणू त्यांचा आमच्याशी संबंध नाही. मला फार मजा वाटली. आणि आई पाण्याच्या कडेला बसून होती. मी जवळ गेले तर तिनं मला जवळ घेतलं नाही. मी विचारलं, "आई, तुजं घर कुठं व्हतं?" तिनं बोट केलं. "तितं. त्यो पाणकावळा बसलाय न्हवं पाण्यावर, त्येच्या खाली." मी बघत असतानाच पाणकावळा उडाला आणि घर कुठलं ते मला पुन्हा सांगता आलं नाही. मी विचारलंही नाही. तिला तिथं मी नको होते, हे आठव्या वर्षी कळतं. राग नव्हता तिचा. फक्त तिथं मी जन्माला येण्याआधीची बाई बसली होती.

निघायच्या दिवशी वडिलांनी विळ्यानं आंब्याखालची माती उकरली, खडे निवडले, आणि मऊ माती आईच्या ओंजळीत दिली. "खा पोटभर." आई लाजल्यासारखी करून पाण्याकडे वळली. मी कडेनं येत होते. मला दिसलं, तिनं ओंजळ पाण्यात बुडवली आणि उघडली. पाणी क्षणभर तांबडं झालं आणि पुन्हा निवळलं. तिनं मान वळवली तर समोर मी. "बोललीस तर बघ," ती म्हणाली. मागून वडिलांनी विचारलं, "लागली का ग्वाड?" ती म्हणाली, "लई." ते इतके खूश झाले की पुढच्या महिन्यांसाठी म्हणून त्यांनी एक गाडगं काठोकाठ भरून घेतलं.

डोहाळा खोटा होता. माहेरी कुणी नसलेल्या बाईला माहेरी जायला दुसरं कुठलं कारण मिळणार? हे मी आज म्हणते. तेव्हा मला एवढंच कळत होतं की आई खोटं बोलली आणि त्याची शिक्षा पोटातल्या बाळाला होणार. रोज सकाळी आजी समोर उभी राहून चिमूटभर माती द्यायची, आई ती तोंडात टाकल्यासारखी करून पदरात सोडायची. धुण्याच्या दगडावर मला तिच्या पदराला तांबडे डाग दिसायचे. ते चार महिने मी कुणाशी धड खेळले नाही. असलं गुपित ज्याच्याजवळ असतं त्याला घरातल्या घरात एकटं राहावं लागतं. आईलाही राहावं लागत असणार, पण आम्ही दोघी एकमेकींच्या एकटेपणात कधी गेलो नाही.

चैत्रात भाऊ झाला, चांगला दणकट. तो ओरडला तेव्हा मी गोठ्यात जाऊन रडले. आजी गावभर सांगत सुटली, "मातीनं तारलं बाई." मग गल्लीतल्या पोटुशा बायका चिमूटभर माती मागायला यायला लागल्या. गाडगं फळीवर असायचं आणि ते कधी संपलं नाही.

मला सतराव्या वर्षी दिवस गेले आणि पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. मला माहेर होतं. आजीनं पहिल्याच सकाळी फळीवरून गाडगं काढलं आणि चिमूट माझ्या हातावर ठेवली. मला असला काही डोहाळा नव्हता. आई चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि मी माती खाल्ली. पदरात सोडली नाही. आजी गोठ्याकडे गेल्यावर आई म्हणाली, "खरंच खाल्लीस? का गं?"

मी म्हटलं, "तुज्या म्हायारची हाय म्हणून."

"येडी का खुळी तू? ती आपल्या परड्यातली हाय. गाडगं काय जन्माला पुरतं व्हय?"

"मग तितली कुठं गेली?"

आईनं फुंकणी उचलली, जाळ नीट केला. "म्या खाल्ली," ती म्हणाली. "तू सासरी गेलीस तवा. रोज थोडी थोडी."

आम्हा दोघींत यापेक्षा जास्त बोलणं कधी झालं नाही, आणि आता ती जाऊनही चाळीस वर्षं झाली. वडील मात्र मरेपर्यंत त्या सफरीच्या गोष्टी सांगायचे, रुतलेलं चाक, ससा, पिठलं. त्यांचं बेट आणि आईचं बेट वेगळं होतं. माझं तिसरंच. नातीनं मोबाईलवर फोटो दाखवले त्यातलं कुठलंच मला ओळखू आलं नाही. बेटं तिथं पुष्कळ आहेत, पाणी वर-खाली होतं तशी ती वाढतात, घटतात.

घर झोपलेलं होतं. मी एका बुटाच्या तळव्याची खपली नखानं काढली आणि जिभेवर ठेवली. चव म्हणाल तर काही नाही. जरा कचकच, बस. मी ती गिळत होते तेवढ्यात नात उठून दारात आली. "आजी, काय खातेस?"

"बडीशेप," मी म्हटलं.