यादीत नसलेलं कारण

प्रेस चालू करण्याआधी गांगुर्डेमामा तिच्या लोखंडी अंगावर डावा हात ठेवून डोळे मिटायचे. त्या हाताला तीनच बोटं. अंबडच्या त्या कारखान्यात मी नवीन होते. मला वाटलं, माणूस श्रद्धाळू दिसतोय. तसं म्हटल्यावर ते हसले. "पाया नाय पडत ताई, नाडी बघतोय. तब्येत बरी नसली तर हिला कामाला लावायची नाय." मग त्या हाताकडे बघत त्यांचं ठरलेलं वाक्य यायचंच, "दोन देऊन झालीत. आता कुणाचंच द्यायचं नाय."

सायखेड्याहून ते रोज मोटरसायकलवर यायचे, शिफ्टच्या वीस मिनिटं आधी. पत्र्याला आकार देणाऱ्या चार नंबरच्या प्रेसवर त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. घरी निघालेल्या ऑपरेटरला ते मशीनकडे मान करून विचारायचे, "काय म्हणती?" तो जे सांगेल ते निवांत ऐकून घ्यायचे. आमच्या एचआरच्या मते ही वीस मिनिटं फुकट जात होती.

मी होते कंप्युटरवाली. प्रत्येक प्रेसला एक स्क्रीन बसवायची, हे माझं काम. मशीन दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबली, की ऑपरेटरने आठांपैकी एक कारण दाबायचं. कारण दाबल्याशिवाय ती पुन्हा सुरूच व्हायची नाही. साचा खराब, माल नाही, वीज गेली, अशी ती यादी. मी तीन दिवस एसीत बसून केली होती आणि मला तिचा भारी अभिमान होता.

पहिल्याच दिवशी मामांनी चष्मा सावरत ती अख्खी वाचली. "ताई, ह्याच्यात शंका कुठं हाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे मशीन चालू हाय, माल चांगला पडतोय, पण मला काय बरं वाटंना. मंग मी काय दाबू?"

मी चक्क हसले. "मामा, शंका हे काही कारण नसतं."

"बरं," म्हणाले आणि कामाला लागले. ते हसणं आठवलं, की आजही स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तीन महिन्यांनी रिपोर्ट काढला. 'ऑपरेटर जागेवर नाही' हे कारण सतरा वेळा, आणि सतराही वेळा गांगुर्डे. मीच त्या ओळी लाल करून प्रॉडक्शन मॅनेजर साहेबांना पाठवल्या. दुसऱ्या दिवशी मामा केबिनमध्ये उभे, टेबलावर नोटीस, आणि रिपोर्ट माझा म्हणून मीही तिथेच. मामांच्या निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं.

"सतरा वेळा कुठे गेला होता?" साहेबांनी विचारलं.

"कुठं नाय. मशीनपाशीच व्हतो. शंका आली म्हणून थांबवली, बघितली, परत चालू केली."

"मग हे कारण का दाबलं?"

"साचा खराब दाबलं तर टूलरूममधल्या पोरांचं नाव लागतं. माल नाय दाबलं तर ष्टोरवाल्या बाईंचं. त्यांची काय चूक? माझ्या नावाची एकच ओळ व्हती, ती दाबली."

मला खाली बघावंसं वाटलं. साहेब मात्र म्हणाले, "सिस्टीम म्हणजे सिस्टीम. पुन्हा एकदा असं दिसलं तर तुम्ही घरी बसायचं." मामांनी सही केली.

आठवडाही गेला नाही. माझ्या कंप्युटरवर चार नंबर पिवळी झाली. दोन मिनिटांत ती लाल होणार आणि साहेबांच्या फोनवर मेसेज जाणार. मी जिना दोनदोन पायऱ्यांनी उतरले. मामा प्रेसवर हात ठेवून उभे होते, चेहरा घामाने डबडबलेला. "ताई, कोणतं दाबू?" त्यांनी विचारलं.

मागोमाग साहेब आलेच. माल न्यायला गेटवर गाडी उभी होती.

"चालू करा."

"नाय साहेब. हिचा आवाज बदललाय."

"मला काही ऐकू येत नाही. गांगुर्डे, नोटीस लक्षात आहे ना?"

"हाय."

साहेबांनी शेजारच्या प्रेसवरच्या प्रवीणला हाक मारली. "तू घे रे ही." प्रवीण अजून कायम झालेला नव्हता, नाही कसं म्हणणार बिचारा! तो हात पुसत आला. तेवढ्यात मामांनी मेन स्विचची चावी फिरवली, काढली आणि खिशात टाकली.

"आधी फिटर बोलवा. मंग मला घरी पाठवा, चालतंय."

फिटरने झाकण उघडलं, आत डोकं घातलं. देवा, मशीन बिघडलेली निघू दे, असं मनातल्या मनात घोकणारी मी पहिलीच इंजिनिअर असेन. शेवटी त्याने हात बाहेर काढला. तळहातावर ब्रेकच्या बोल्टचे दोन तुकडे. "बटण सोडलं तरी प्रेस आणखी एकदा खाली आली असती," तो म्हणाला. माल काढायला ऑपरेटरचा हात नेमका तेव्हाच आत असतो. प्रवीणने दोन्ही हात काखेत दाबून धरले. साहेब "बोल्ट बदला" एवढंच म्हणाले आणि गेले. नोटीस दोन दिवसांनी गुपचूप मागे घेतली गेली.

बोल्ट बदलला, तरी स्क्रीन कारण मागतच होती. मामांचं बोट सवयीने त्यांच्या ओळीकडे निघालं आणि मला रडूच कोसळलं. कारखान्यातल्या प्रत्येकाला दोष द्यायची सोय मी त्या यादीत केली होती, फक्त यादी करणारी तेवढी सुटली होती. वर जाऊन मी नववं कारण टाकलं, 'शंका', आणि त्यापुढे कुणाचंही नाव लागणार नाही असं केलं. आता सगळे तेच दाबत बसतील, असं साहेब म्हणाले. कुणी बसलं नाही.

मामा गेल्या महिन्यात निवृत्त झाले. नारळ, शाल, पेढे, सगळं झाल्यावर ते मला चार नंबरपाशी घेऊन गेले. प्रेस चालू होती. "ठेवा हात," म्हणाले. मी तळहात ठेवला, डोळे मिटले. नुसता थरथराट. बरा की वाईट, कोण जाणे.

"काय म्हणती?"

"मामा, खरं सांगू? मला काहीच कळत नाहीये."

"मंग थांबवा की," ते म्हणाले. "कळत नसलं की थांबवायचं. मी पण तेवढंच करत व्हतो."

मी प्रेस थांबवली.