दारातली डिझाइनवाली

समोरच्याचे डोळे आपल्याकडे वळल्याशिवाय डिझाइनवाली तोंड उघडत नसे. कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात लहानाची मोठी झालेली. कारखान्यात कानांचा उपयोग शून्य. माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघूनच बोलतात. ती सवय तिने घरीदारीही ठेवली. "काकी, न बगता बोलनं म्हंजे भिताडाला सांगनं," म्हणायची.

आमच्याच चाळीत खाली एकटी राहायची. कापडावरची नक्षी कॉम्प्युटरवर काढून कारखान्यांना द्यायची, म्हणून हे नाव. पोटापुरतं काम झालं की त्याच कॉम्प्युटरवर माणसांची टर उडवणारी चित्रं काढायची. एका चित्रात पंगतीतले पाहुणे वरणात भाताऐवजी मोबाइल कालवत होते. दुसऱ्यात कावळा पिंडाला शिवेना, कारण तोही मोबाइल बघत बसलेला. आणि खाली नातेवाईक हात जोडून मयताची राहिलेली इच्छा शोधताहेत! "कावल्याला रेंज भेटली ना काकी, आता कशाला येतोय खाली?" मी पोट धरून हसायची. चित्रं शेजाऱ्यांवर होती, माझ्यावर थोडीच!

मी तेव्हा बासष्टची तरुणी. सुनेने नवा मोबाइल दिलेला. लग्नानंतर नवऱ्याकडेही मी इतकं टक लावून बघितलं नव्हतं. वरण कसं करावं याचा व्हिडिओ बघता बघता गॅसवरची डाळ करपवणारी बाई मी.

एका आठवड्यात ती दोनदा दारात येऊन उभी राहिली. "बोल गं, ऐकतेय," मी मान खाली घालूनच म्हटलं. मालिकेतली सासू दुधात विष कालवत होती. मान वर करायची कशी? थोड्या वेळाने बघितलं, तर दार रिकामं. वाटलं, साखरबिखर हवी असेल.

दुसऱ्यांदा आली त्या संध्याकाळी तिने चित्र पाठवलं. खुर्चीत लठ्ठ बाई, मानेवर डोक्याच्या जागी मोबाइल, त्यातून कोवळ्या उन्हासारखा उजेड. मागे दारात बोटाएवढी बाई, ओठ मिटलेले. खुर्चीतलीच्या अंगावर माझंच जांभळं पातळ होतं. पण मला दिसला फक्त उजेड. सकाळी 'शुभ सकाळ' लिहून मी ते अख्ख्या गोतावळ्याला वाटलं. तिलासुद्धा. तिचं उत्तर आलं, "काकी, नीट बगा." मी उत्तरादाखल जोडलेले दोन हात पाठवले.

चार दिवसांनी तिला ॲम्ब्युलन्समधून आणलं. ऑपरेशननंतर ती उठलीच नव्हती. कोन गावाहून आलेली तिची वहिनी माझ्याजवळ बसून रडली. "मी सोबत येते म्हनले, तं नको म्हनली. वरच्या काकी येतील, त्यांना विचारते म्हनली. मंग एकटीच का गेली वो?"

मी घरी येऊन ते चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं.

चित्र अजून हिंडतंय. परवा सकाळी वडपे गावातल्या माझ्या भाचीने मलाच पाठवलं. वाटेत कुणीतरी त्यावर टपोरा गुलाब चिकटवलाय, नेमका दारावर. मी बोटाने तो पुसून बघते. निघत नाही.