घंटागाडीवरचा आवाज

आमच्या गल्लीतल्या शिंप्याचा आवाज खणखणीत, म्हणून नगरपालिकेने घंटागाडीसाठी तोच रेकॉर्ड केला. 'नदी म्हणजे उकिरडा नव्हे! कचरा गाडीतच टाका!' रोज सकाळी सारं गाव ते ऐकायचं आणि शिंप्याची कॉलर ताठ व्हायची.

एकदा त्याच्या बायकोची घंटागाडी चुकली. तिने कचऱ्याची पिशवी पुलावरून भिरकावली. पिशवी काठावरच्या झुडपात अडकली आणि पुलावरच्या पहारेकऱ्याने बाईंना पकडलं.

"रोज गाडीवर सांगतात, ऐकू येत नाही का?"

"तो माझा नवरा आहे," ती म्हणाली. "त्याचं घरात कधी ऐकलं नाही, रस्त्यावर काय ऐकू?"

पहारेकऱ्याने शिंप्याला बोलावून घेतलं. "मास्तर, तुम्हीच समजवा वहिनींना."

शिंप्याने बायकोकडे पाहिलं. मग तो पिशवी आणायला पुलाखाली उतरला.